इलेक्ट्रिक गाडीला नवी अलॉय आणि टायर: नागपूरच्या उन्हासाठी आणि सिमेंट रोडसाठी माप कसं ठरवावं

पेट्रोल गाडीला मोठी मॅगव्हील, म्हणजे अलॉय रिम, घातली तर अ‍ॅव्हरेज किती पडलं हे कळायला महिना जातो, आणि तेही हिशेब ठेवणाऱ्यालाच कळतं. इलेक्ट्रिक गाडीत लपवाछपवी चालत नाही. दर किलोमीटरला किती वॅट-तास खर्च झाले ते समोर स्क्रीनवर येतं. मनीषनगर ते बुटीबोरी जाऊन-येऊन कालपर्यंत जेवढी बॅटरी उतरायची, त्यापेक्षा आज चार टक्के जास्त उतरली तर ती चाकांनीच खाल्ली हे दुसऱ्या दिवशी स्पष्ट दिसतं.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. नागपुरात चालणाऱ्या इलेक्ट्रिक गाडीला कंपनीच्या मापाहून एक इंचापेक्षा मोठी रिम घालू नये. बहुतेकांनी तर रिमचं माप तेच ठेवावं आणि पैसा चांगल्या टायरवर घालवावा. तरीही ज्यांना दिसण्यासाठी, पकडीसाठी किंवा मूळ रिम वाकली म्हणून नवा सेट घ्यायचाच आहे, त्यांनी खालच्या क्रमाने जावं. क्रम महत्त्वाचा आहे, कारण दुकानात सगळं उलट्या बाजूने सुरू होतं: आधी डिझाइन आवडतं, मग ते गाडीत कोंबलं जातं.

आधी गाडीवर काय लिहिलंय ते वाचा

ड्रायव्हरचं दार उघडा. खांबावर किंवा दाराच्या कडेला एक स्टिकर असतं. त्यावर टायरचं माप आणि हवेचा दाब दिलेला असतो. गाडीच्या पाटीवर पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचा कमाल भारही बहुधा मिळतो. तिथे नसेल तर मॅन्युअलमध्ये बघा. या सगळ्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पुढे प्रत्येक पायरीला तो लागणार आहे.

उदाहरण म्हणून नेक्सॉन ईव्ही घेऊ, शहरात ती भरपूर दिसते. तिचं माप २१५/६० आर१६. म्हणजे टायर २१५ मिलिमीटर रुंद, त्याची बाजू रुंदीच्या ६० टक्के उंच, आणि रिम १६ इंची. त्यापुढे ९५ एच असं काहीतरी असतं. ९५ हा भाराचा निर्देशांक आहे, म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ६९० किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची क्षमता. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२०ची मर्यादा आहे, त्यामुळे वेगाच्या अक्षराची फार काळजी नको. मूळ अक्षराच्या खाली जायचं नाही, एवढं पाळलं तरी पुरे. खरं लक्ष हवं ते आधीच्या आकड्यावर.

बाहेरचा व्यास जुळवा

रिम मोठी झाली की टायरची बाजू तेवढीच बारीक झाली पाहिजे, म्हणजे पूर्ण चाकाचा व्यास बदलत नाही. हिशेब शाळेतला आहे. रुंदीला टक्केवारीने गुणा, त्याची दुप्पट करा आणि त्यात रिमचे इंच गुणिले २५.४ मिळवा.

२१५/६० आर१६: बाजू १२९ मिमी, व्यास सुमारे ६६४ मिमी.
२१५/५५ आर१७: बाजू ११८ मिमी, व्यास ६६८ मिमी. फरक अर्ध्या टक्क्याच्या किंचित वर. उत्तम.
२२५/५० आर१७: बाजू ११२ मिमी, व्यास ६५७ मिमी. साधारण एक टक्का कमी. चालेल.
२२५/५५ आर१७: बाजू १२४ मिमी, व्यास ६७९ मिमी. सव्वादोन टक्के जास्त. दुकानात हा फार सुचवतात, मी टाळेन.
२२५/४५ आर१८: बाजू १०१ मिमी, व्यास ६६० मिमी. व्यास जुळतो, पण बाजू पावणेतीन सेंटिमीटरने घटली. त्याचा हिशेब पुढे येतोच.

टियागो ईव्हीसारख्या लहान गाडीत चूक लवकर होते. मूळ १७५/६५ आर१४ चा व्यास ५८३ मिमी. त्यावर १५ इंची रिम घेऊन १८५/६० टाकला तर व्यास ६०३ होतो, म्हणजे जवळजवळ साडेतीन टक्के जास्त. १८५/५५ आर१५ टाकला तर ५८४ किंवा ५८५, अगदी बरोबर.

साधारण दोन टक्क्यांच्या आत राहा. इलेक्ट्रिक गाडीला एकच गिअर असतो, त्यामुळे व्यास वाढला की तो गिअरच उंच झाल्यासारखं होतं: पिकअप थोडा मंद आणि रीजनची, म्हणजे वेग कमी करताना बॅटरीत ऊर्जा परत घेण्याची, ओढही जराशी कमी. शिवाय स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवू लागतो आणि ओडोमीटर कमी किलोमीटर मोजतो. मग 'रेंज पडली' असं वाटतं, ती काही अंशी केवळ मोजणीतली घट असते.

टायरची बाजू आणि आपले रस्ते

व्यास जुळला म्हणजे काम झालं असं नाही. नागपुरात गेल्या काही वर्षांत रस्ते सिमेंटचे झाले. खड्डे कमी झाले हे खरं, पण त्यांची जागा कडांनी घेतली. सिमेंटचा पट्टा संपतो तिथे गट्टूंची पट्टी दोन बोटं खाली बसलेली असते. चेंबरचं झाकण रस्त्याच्या पातळीत क्वचितच सापडतं. गल्लीबोळातले स्पीडब्रेकर तर ज्याने-त्याने आपल्या मर्जीने बांधलेत. अशा धारदार कडेवर टायर आपटतो तेव्हा त्याची बाजू दुमडते आणि रिमचा काठ व रस्त्याची कड यांच्यात चिमटते. आतले धागे तुटतात, टायरला बाहेरून फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो फेकायचाच.

बाजू १२९ मिमी असेल तर हा चिमटा बसायला बराच जोरात आपटावं लागतं. १०१ मिमीला मात्र सहज बसतो. त्यात बॅटरीमुळे गाडी तिच्या पेट्रोल भावंडापेक्षा दीड-दोनशे किलो जड, म्हणजे दणकाही मोठा. बाजारात १८ आणि १९ इंची रिम घेऊनच आलेल्या इलेक्ट्रिक गाड्या आहेत, मग त्यांचं काय, असं कोणी विचारेल. महिंद्रा बीई ६ चा टायर बघा: २४५/५५ आर१९. रिम मोठी आहे, पण बाजू तब्बल १३५ मिमी. त्यामुळे रिमचे इंच बघून भुलू नका, बाजूची उंची मोजा. माझा आकडा साधा आहे: शहरातल्या रोजच्या गाडीला ११० मिमीच्या खाली जायचं नाही. लहान गाडीत बाजू मुळातच जेमतेम तेवढी असते, तिथे मूळ मापापेक्षा सेंटिमीटरभर कमी ही हद्द धरावी.

भार: ज्याकडे कोणीच बघत नाही

दुकानातला पोरगा म्हणेल, "बसते ना भाऊ, कायले टेन्शन घेता?" टायर बसतो हे खरंच आहे. प्रश्न तो पेलतो का, हा आहे.

२१५/६० आर१६ चा निर्देशांक ९५ म्हणजे ६९० किलो. २१५/५५ आर१७ साध्या बांधणीत घेतला तर त्यावर बहुधा ९४ असेल, म्हणजे ६७० किलो. रिम वाढवली, पैसे जास्त दिले आणि प्रत्येक टायरमागे वीस किलोची क्षमता कमी करून घेतली. त्याच मापात एक्सएल म्हणजे जास्त भाराचा टायर मिळतो, त्यावर ९८ असतं: ७५० किलो. इलेक्ट्रिक गाडीला रिम वाढवताना एक्सएलच घ्या. निर्देशांक मूळ आकड्याइतका किंवा वर हवा, खाली एकही अंक नको.

यात एक बारकावा आहे. साधा टायर त्याचा पूर्ण भार सुमारे ३६ पीएसआयला पेलतो, एक्सएल ४२ला. म्हणजे एक्सएल टाकून हवा जुनीच ठेवली तर वाढीव क्षमता हाती येत नाही. कंपनीच्या दाबापेक्षा दोन-तीन पीएसआय जास्त ठेवावी लागते. ती किती, हे टायर कंपनीच्या भार-दाबाच्या तक्त्यावरून ठरवून घ्या. एचएल अशी नवी श्रेणीही आता आली आहे. त्याच दाबाला ती एक्सएलपेक्षा जास्त वजन घेते, पण ती मोठ्या, जड गाड्यांसाठी आहे.

रिमलाही भारमर्यादा असते. अलॉयच्या मागच्या बाजूला दांडीवर किंवा मधल्या भागाजवळ ती कोरलेली असते. मागच्या अ‍ॅक्सलचा कमाल भार समजा १,००० किलो असेल, तर एका रिमवर किमान ५०० किलो यायला हवेत, आणि मी त्यावर शंभरेक किलोची मोकळीक धरेन. आकडा कोरलेलाच नसेल तर ती रिम कितीही देखणी असो, परत ठेवा. आयएसआयची खूण बघा. जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए या जपानी खुणा असतील तर चांगलंच, पण नकली रिमवर त्याही ओतलेल्या सापडतात. म्हणून पावतीवर उत्पादकाचं नाव आणि मॉडेल लिहून घ्यावं.

सेकंडहँड अलॉयच्या वाटेला इलेक्ट्रिक गाडीवाल्याने जाऊच नये. वेल्डिंग मारून, पुट्टी भरून, पावडर कोटिंग केलेली रिम नव्यासारखी दिसते. फारच मोह झाला तर टायर न चढवता नुसती रिम बॅलन्सिंग मशीनवर फिरवायला सांगा. कड डोलते का ते सरळ दिसतं.

चार मापं: पीसीडी, मधलं भोक, ऑफसेट, नटची बैठक

पीसीडी म्हणजे नटच्या भोकांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. ५×११२ आणि ५×११४.३ यांत फरक फक्त २.३ मिमीचा, म्हणून जोर लावला की नट आत जातात. जातात, पण वाकडे बसतात आणि धावताना ढिले होतात. पीसीडी तंतोतंत हवा, 'जवळपास' हा प्रकार नाही.

मधलं भोक गाडीच्या हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर, नेमकं बसायला हवं. बाजारी रिमचं भोक मोठं असतं, ते भरायला रिंग मिळते. प्लास्टिकऐवजी अ‍ॅल्युमिनियमची रिंग मागा. रिंगच न घालता बसवलं तर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. मग आपण दोन-तीनदा बॅलन्सिंगचे पैसे भरतो आणि दोष तसाच राहतो.

ऑफसेट म्हणजे हबला टेकणारी रिमची बाजू तिच्या रुंदीच्या मध्यापासून किती मिमी दूर आहे ते; रिमवर तो ईटी ४५ असा लिहिलेला असतो. आकडा कमी झाला की चाक बाहेर येतं. समजा मूळ रिम ६.५ इंच रुंद, ईटी ४५. नवी ७.५ इंच, ईटी ४०. एक इंच वाढलेल्या रुंदीतले १२.७ मिमी बाहेर गेले आणि १२.७ आत. ऑफसेटने सगळं ५ मिमी बाहेर ढकललं. एकूण बाहेरची कड १७.७ मिमी पुढे आली आणि आतली ७.७ मिमी सस्पेन्शनकडे सरकली. पावणेदोन सेंटिमीटर बाहेर आलेलं चाक दिसायला रुबाबदार असतं, पण ते हबच्या बेअरिंगवर जास्त ताण देतं, पावसात दारावर चिखल फेकतं आणि मागे चार जण बसले की मडगार्डच्या लायनरला घासतं. मूळ ऑफसेटपासून पाच मिमीच्या आत राहावं. रुंदीही उगीच वाढवू नका: २१५ च्या टायरला ६ ते ७.५ इंच रिम चालते आणि ६.५ किंवा ७ पुरते.

नटची बैठक तिरपी की गोल, हे गाडीच्या मूळ नटाशी ताडून बघा. बैठक चुकली तर नट घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण टेकलेला असतो फक्त एका रेघेवर.

सगळे आकडे जुळले तरी चारही चाकांचे पैसे देण्याआधी एक चाक चढवून बघायचं. पुढे लावा, स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवा. टायरच्या खांद्यावर खडूचा जाड पट्टा ओढा, गाडीत माणसं बसवा आणि दुकानासमोरच्याच स्पीडब्रेकरवरून हळू न्या. खडू कुठे पुसला ते बघा. मग तेच चाक मागे लावून पुन्हा एकदा. दुकानदार याला कुरकुरला तर दुकान बदला.

रेंज नेमकी कुठे जाते

जड अलॉयमुळे रेंज पडते असं सगळे सांगतात. त्यात तथ्य आहे, पण इलेक्ट्रिक गाडी ब्रेक लावताना त्यातली काही ऊर्जा परत घेते. जड चाकाचा खरा त्रास बसणाऱ्याच्या पाठीला होतो. रेंज जाते ती मुख्यतः टायरच्या रोलिंग रेझिस्टन्समध्ये, म्हणजे टायर फिरताना त्याच्यामुळे होणाऱ्या अडथळ्यात.

माणसं धरून १,६०० किलोची गाडी घ्या. टनामागे ८ किलो ओढ लागणारा टायर असेल तर गाडी पुढे सरकत ठेवायला सुमारे १३ किलोची ओढ लागते. टनामागे १० किलोवाला असेल तर १६ किलो. हा फरक दर किलोमीटरला जवळपास ९ वॅट-तास होतो. गाडी किलोमीटरला १४० वॅट-तास घेत असेल तर सहा टक्के रेंज फक्त टायर बदलल्याने गेली. २५० किलोमीटरच्या जागी २३५. ताडोब्याला जाऊन-येऊन चार्जिंगला थांबायचं की नाही, ते या पंधरा किलोमीटरवर ठरू शकतं.

म्हणून टायर निवडताना कमी रोलिंग रेझिस्टन्स पहिला, ओल्या रस्त्यावरची पकड दुसरी, आवाज तिसरा. ऊर्जा बचतीच्या बीईई (सरकारचा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो) ताऱ्यांची खूण एसी-फ्रिजसारखी काही टायरांवरही मिळते, ती विचारा. इलेक्ट्रिक गाड्यांसाठी वेगळे टायरही आपल्याकडे आहेत. अपोलोने २०२२ मध्ये अम्पेरियन आणला. मात्र पकडीचा बळी देऊन रेंज विकत घेऊ नका. इलेक्ट्रिक मोटरचा जोर पाय ठेवताच येतो आणि पहिल्या पावसात, तेलकट सिमेंटवर, सिग्नल सुटताच पुढची चाकं जागेवर फिरतात.

आत फोम असलेले टायर शांत असतात. सिमेंट रोडवरची घरघर इंजिनाचा आवाज नसल्याने जास्त जाणवते, तिथे त्यांचा उपयोग होतो. पण पंक्चर नीट काढायला फोम खरवडावा लागतो. गावाकडे फार जाणं असेल तर ते घेऊ नका.

रिमचं डिझाइनही बघा. बारीक दांड्यांची, उघडी रिम हवा घुसळते. शहरात याने काही बिघडत नाही, पण समृद्धीवर तासन्‌तास शंभरच्या पुढे चालवणाऱ्याने सपाट, भरीव चेहऱ्याची रिम घ्यावी.

कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच अधोरेखित केलं. सुरक्षित वाट अशी: त्याच मॉडेलच्या कुठल्याही व्हेरियंटला कंपनी जे माप देते, तेच निवडा. सर्व्हिस सेंटरला ईमेल करून लेखी उत्तर मागा. तोंडी 'काही होत नाही' याला वॉरंटीच्या वेळी किंमत नसते. विमा कंपनीलाही अलॉयची पावती देऊन नोंद करून घ्या.

बसवायच्या दिवशी

इथे एक गोष्ट स्वतः समोर उभं राहूनच करून घ्यायची: जॅक. इलेक्ट्रिक गाडीच्या पोटाखाली जवळपास पूर्ण लांबी-रुंदीत बॅटरीचा खोका असतो. टायरवाल्याची सवय अशी की ट्रॉली जॅक ढकलायचा, कुठे काही सपाट लागलं की दांडा मारायचा. इलेक्ट्रिक गाडीत सगळ्यात सपाट काय असतं, तर बॅटरीचं झाकण. ते दबलं तर टायरच्या किमतीचा विचारही मनात येणार नाही इतका खर्च निघतो. दाराखालच्या पट्टीवर जॅकच्या चार जागा खुणेने दाखवलेल्या असतात. मॅन्युअलमधलं ते पान उघडून दाखवा, जॅकच्या वाटीत रबराची गादी ठेवायला लावा आणि गाडी उचलली जाईपर्यंत बाजूला हलू नका.

टायरच्या बाजूवरचा चार आकडी तारखेचा कोड वाचा: १८२५ म्हणजे २०२५ चा अठरावा आठवडा. वर्षापेक्षा जुना टायर मी घेत नाही. गोदामात आपल्याकडचा एक उन्हाळा काढलेला टायर नवा म्हणवत नाही. प्रेशर सेन्सर असतील तर ते जुन्या रिममधून काढून नव्यात बसवायला सांगा, नाहीतर दिवा कायम पेटलेला राहील. नट एअरगनने शेवटपर्यंत आवळू देऊ नका. शेवटचा ताण मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचने, म्हणजे ताण मोजणाऱ्या पान्याने. आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा, नवी अलॉय बैठक घेते.

गाडीत स्टेपनी असेल तर तिचा व्यास आता नव्या चाकांशी जुळतो का, तेही आजच बघा.

हवा

पाच-सहा अंश तापमानाला साधारण एक पीएसआय, हा हिशेब लक्षात ठेवा. जानेवारीत पहाटे दहा अंशांना भरलेली हवा आणि मे महिन्यात नवतप्याच्या सकाळी तीस अंशांना मोजलेली, यांत तीन-चार पीएसआयचा फरक येतो. म्हणून ऋतू बदलला की हवा बदलायची. मोजायची ती सकाळी, गाडी हलवण्याआधी. दुपारी पंचेचाळीस अंशांत वर्धा रोडवरून आल्यावर चाळीसच्या पुढे आकडा दिसला तर घाबरून हवा काढू नका. तशी काढलीत तर टायर गार झाला की तो कमी हवेवर येतो आणि दुसऱ्या दिवशी समृद्धीवर तापून फुटायचा धोका तिथेच सुरू होतो. नायट्रोजन भरायचा तर भरा, पण साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो.

फरक मोजायचा कसा

नवे टायर पहिल्याच दिवशी मोजू नका. नवी नक्षी खोल असते, ती घासलेल्या टायरपेक्षा जास्त ऊर्जा खाते. घासलेल्या टायरचा व्यासही सेंटिमीटरभर लहान झालेला असतो, त्यामुळे जुना ओडोमीटर किलोमीटर वाढवून दाखवत होता. चार-पाचशे किलोमीटर चालू द्या. मग एकच रस्ता, जाऊन-येऊन, सकाळच्या त्याच वेळी, एसी त्याच आकड्यावर. रामटेकपर्यंतचा रस्ता यासाठी सोयीचा. किलोमीटर मात्र गाडीचे नाही, मोबाइलच्या जीपीएसचे धरा. बॅटरीच्या टक्क्यांऐवजी वॅट-तासांचा आकडा लिहा. जुन्या टायरवर हीच फेरी आधी करून ठेवली असेल तरच तुलना होते, म्हणून ती दुकानात जाण्यापूर्वी करा.

जुना सेट लगेच विकू नका. वॉरंटीच्या तपासणीला, गाडी विकताना, किंवा नवी रिम वाकून आठवडाभर दुरुस्तीला गेली तर तो लागतो. प्रत्येकावर खडूने पुढचा-डावा, मागचा-उजवा लिहा आणि रिमसकट चाकं एकावर एक आडवी रचा. इन्व्हर्टर आणि पाण्याच्या मोटरपासून दूर, सावलीत ठेवा. गच्चीवर ताडपत्रीखाली तर मुळीच नाही. तिथे एका मे महिन्यात बाजूवर बारीक चिरा पडतात आणि मग जपून ठेवलेल्या सेटमधल्या फक्त रिम कामाच्या उरतात.